कॉम्प्युटरच्या पंख्यातलं सोनं

गेल्या रविवारी दुपारी सागरचा कॉम्प्युटर ऐन घाटात बंद पडला... आणि खरं सांगतो, मला आतून लई गार वाटलं.

आम्ही सांगलीकडची पोरं, इथं कोलकात्यात बोबाजारला गलाईच्या दुकानात कामाला. म्हणजे जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं. मी नववीतनंच शाळा सोडून आलो. पुढे भट्टी, मागे आमची झोपायची खोली... मधे नुसता पडदा.

त्या खोलीत राज्य माझं होतं. सेकंडहँड कन्सोल, दोन कंट्रोलर आणि फुटबॉलचा गेम. काम सुटलं की सगळे माझ्या गादीवर. हरला त्यानं कंट्रोलर पुढच्याला द्यायचा... आणि पुढचा कोण ते मी ठरवायचो.

मग सागर आला. माझ्याच वयाचा, शेजारच्या गावचा. चांदनीच्या बाजारातनं एकेक पार्ट आणून त्यानं कॉम्प्युटर जोडला, आत निळे-लाल लाईट. मी सगळ्यांना सांगायचो, त्यावर एकटा खेळतो आणि बाकीचे मागे उभे राहून बघतात, ह्यात कसली मजा? कन्सोलवर खांद्याला खांदा लावून बसता येतं. मुद्दा बरोबर होता माझा... पण ऐकायला गादीवर कुणी उरलं नव्हतं.

कारण त्याच्याकडे एसटी होती. कॉम्प्युटरवर म्हणे गेममध्ये आपल्याला पाहिजे ते घालता येतं. कुणीतरी बनवलेली लाल एसटी त्यानं ट्रकच्या गेममध्ये घातली आणि पाटीवर स्वतःच्या गावाचं नाव लिहिलं.

पोरं मागनं ओरडायची, "अरं थांबव, म्हातारी हात करतीया!" माझ्या फुटबॉलकडे ढुंकून न बघणारे आमचे मालक अण्णासुद्धा चहा घेऊन तिथंच बसायला लागले. "डायवर, जरा दमानं... पोटात ढवळतंय," म्हणायचे. माझ्या कन्सोलवर असलं काही घालता येत नाही. दिलंय तेच खेळायचं.

तर रविवारी घाटात स्क्रीन काळी झाली. सागरनं कॉम्प्युटरचा डबा उघडला तर पंख्यावर काळ्या धुळीचा थर. तो फुंकणार एवढ्यात अण्णा ओरडले, "फुंकू नगंस लेका! कागद आण!"

आमच्या धंद्यात धूळ टाकत नाहीत. झाडलेला कचरा काय, हात धुतलेलं पाणी काय, सगळं जपायचं. सोन्याचा कण कुठं जाऊन बसेल सांगता येत नाही. अण्णांनी ती धूळ ब्रशनं कागदावर घेतली, जाळली, धुतली आणि मुशीत घालून भट्टीत ठेवली... तळाला खसखशीएवढं सोनं!

पोरांनी दंगाच केला. मी म्हटलं, घ्या... ह्याच्या धुळीतसुद्धा सोनं!

मला काय राहवेना. पंखा माझ्या कन्सोललाही आहे, आणि तो ह्या खोलीत त्याच्या आधीपासनं आहे. घेतला स्क्रू ड्रायव्हर. धूळ निघाली, सागरच्या दुप्पट... पण ओढाताणीत पंख्याची वायर तुटली.

"अण्णा, माझं वेगळं गाळा," मी म्हटलं.

"वेगळं कशाला रं? दोघं झोपताय एकाच खोलीत!" म्हणत त्यांनी माझी धूळ जाळून-धुऊन सागरच्या कणाबरोबर एकाच मुशीत टाकली. एकच मणी निघाला. त्यातलं माझं किती, कुणाला सांगता येणार? मणी गेला देवापुढं.

मागे वळून बघतो तर सागर माझी वायर जोडत बसलेला. कुणी सांगितलं नव्हतं. कन्सोल चालू झाला. मग त्यानं माझा एक कंट्रोलर त्याच्या साफ होऊन चालू झालेल्या कॉम्प्युटरला लावला. "कीबोर्डवर वळणं नीट बसत नाहीत. तू चालव."

मी घाट चढवला. एक झटका नाही. अण्णा म्हणाले, "ह्यो डायवर बरा हाय, चहा सांडत न्हाई."

मागे उभ्या सागरचं तोंड एवढुसं झालं... ते तोंड मी ओळखतो. तो आल्यापासनं तेच घेऊन फिरत होतो मी. जरा सरकलो आणि म्हटलं, बस की शेजारी.

वायरीबद्दल थँक्यू म्हणायचं तेव्हा राहिलं, ते इथं म्हणतो. बाकी जळणं काय सुटलं नाही माझं... गाडी मी चालवतो, पण पाटीवर अजून त्याचंच गाव आहे.