काठीवरची नजर

ती घटना आजही आठवते आणि हात नकळत डाव्या डोळ्यावर जातो.

तेव्हा मी ठाण्याला फौजदार होतो. खाडीकाठच्या एका मिठागरात भर दुपारी कोणीतरी बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाणी आत घ्यायच्या दाराची, फळी काढली. भरतीचे पाणी आत शिरले आणि तयार झालेले मीठ विरघळून गेले. मासळी घेऊन होडीतून चाललेल्या एका कोळणीने खबर दिली की शेजारच्या मिठागराचा मुकादम उघाडीवर वाकलेला तिने पाहिला, आणि राखणदार म्हातारा समोर माचावर बसून तिकडेच बघत होता.

मुकादम दुसऱ्याच दिवशी कबूल झाला. म्हणाला, खाडीच्या बाजूने बांधावर चढलो, म्हातारा बघत होता पण ओरडला नाही, म्हणजे तोही सामील असणार. मला ते पटले. म्हाताऱ्याला कोठडीत टाकले. त्याला एकच डोळा होता, उजवा. पण तो चांगला होता.

दोन दिवस मी त्याला फिरवून फिरवून विचारले. उत्तर एकच.

"मना तथं कोन दिसलाच नाय, रावसाहेब. माजी नजर काठीवं होती."

काठी म्हणजे भरती किती चढली ते कळावे म्हणून पाण्यात रोवलेली खुणेची काठी. पाणी खुणेला लागेपर्यंत तिच्यावरून नजर काढायची नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. गावकरी म्हणत होते, मुकादमाने नजरबंदी केली. जमादार म्हणाला, दोन रट्टे दिले की नजरबंदी सुटेल. मी दोघांनाही गप्प केले आणि म्हाताऱ्याचे खोटे जागेवरच उघडे पाडायचे ठरवले.

भरतीच्या वेळी मी माचावर बसलो. काठी वीस पावलांवर, उघाडी तिच्या उजवीकडे पाच पावलांवर. शिपायाला उघाडीवर वाकायला सांगितले. काठीकडे पाहत असूनही तो मला दिसत होता. प्रकरण संपले, असे मनात म्हटले. तेवढ्यात वाऱ्याने डाव्या डोळ्यात खारी धूळ गेली. मी तो तळहाताने दाबला. उजवा काठीवरच होता.

शिपाई नाहीसा झाला. त्याच्या जागी नुसता बांध आणि पलीकडचे खाजण. जागचा हलल्याबद्दल मी त्याच्यावर खेकसलो.

"मी हललोय कुठे, रावसाहेब?"

हट्टाने मी चार वेळा तेच करून पाहिले. चारही वेळा तो दिसेनासा झाला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावर शाईचे दोन ठिपके काढून उलगडा केला. डोळ्यातली शीर जिथून मेंदूकडे निघते, तेवढी जागा प्रत्येकाचीच आंधळी असते. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. म्हाताऱ्याला दुसरा नव्हता, आणि काठीवरून नजर हलवायची त्याला सवय नव्हती.

तो कागद मी मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी डावा डोळा झाकला, डाव्या ठिपक्यावर नजर ठेवून कागद पुढेमागे केला, उजवा ठिपका नाहीसा होताना पाहिला आणि म्हाताऱ्याला सोडले. मुकादमाला शिक्षा झाली.

चोराबरोबर संन्याशालाही सुळावर चढवायला मी निघालो होतो, याची लाज वाटते. प्रामाणिकपणे काम करत होता म्हणूनच त्याला चोर दिसला नाही, आणि तेच मी त्याच्याविरुद्ध लिहिले होते. त्यानंतर 'साक्षीदार खोटे बोलतो' असा शेरा मारण्याआधी मी त्याच्या जागी जाऊन बसत असे.

म्हातारा कोठडीतून निघाला तेव्हा मला रामराम करून गेला. मी नुसती मान हलवली. फौजदाराने माफी मागायची तेव्हा रीत नव्हती. ती आज इथे मागतो.