भगदाडातला भुसा

नव्वदीच्या शेवटाला आमच्या बालाघाटच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, तर त्याच्यासाठी एसी बसला. माणसं शिजत राहिली. त्या यंत्रात जमिनीखालचं पाणी कसं चालतं याचं मॉडेल बसवायचं काम माझ्याकडे होतं. साहेबांनी वैनगंगेकाठच्या वाळूचं तयार गणित दिलं आणि तेच बैहरकडच्या चुनखडीच्या डोंगराला लावायला सांगितलं. वाळूतून पाणी झिरपत, गाळून येतं. चुनखडीत ते पोखरलेल्या भुयारांतून उधळलेल्या हेल्यासारखं धावतं. हे मी सांगितलं, तर साहेबांनी खिडकीबाहेर पानाची पिचकारी टाकली.

डोंगरावर एक भगदाड होतं. ढोर मेलं की पुरायचे कष्ट कोण घेणार? लोक ते ओढत नेऊन आत ढकलत. माझ्या हिशेबाने अर्ध्या जिल्ह्याचे गोठे त्यात रिकामे झाले असतील. वास असा, की गिधाडंसुद्धा लांबून वळसा घालून जात. आणि पायथ्याला काचेसारखा झरा! त्याचंच पाणी नळाने आश्रमशाळेतल्या पोरांना पाजायची योजना. मॉडेल म्हणे, भगदाडातलं पाणी झऱ्याला लागायला बारा वर्षं लागतील, तेही तीर्थ होऊन.

माझं डोकं सरकलं. राईसमिलवरून जीपभर भुशाची पोती आणली आणि भगदाडात शिरणाऱ्या ओढ्यात ओतली. मग जीप अशी हाणली, की तिची सावली मागे राहिली. खाली झऱ्यावर साहेब पाहणीला आले होते, पेला भरून पाणी पीत होते. थोड्याच वेळात झरा पिवळा झाला. भुशामागून कसलेसे भिजलेले केस आले. एक केस साहेबांच्या मिशीला चिकटला.

"काहून रे, हे काय तरंगून राह्यलं?"

"भुसा, साहेब. वरच्या भगदाडातला. बारा वर्षांनी यायचा होता, जरा घाईत निघाला."

साहेबांनी केस चिमटीत धरून पाहिला, रुमालाला पुसला.

"नळाले जाळी लावू. मंजुरीचा कागद भोपाळले गेला आता."



मी लेखी विरोध केला, तो फायलीत कुजला. जाळी लागली. उद्घाटनाला साहेबांनी फीत कापली, पहिला पेला हसत-हसत एका पोराच्या हातात दिला आणि टाळ्या चालू असतानाच घरून आणलेल्या थर्मासचं झाकण उघडलं.