पावडरीला थांबवणारे सर

सर नाकाने वेळ सांगत. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि सिंदीला माझ्या रंगाच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायचे. गच्चीवर उन्हात काचेच्या बाटल्यांची रांग. आत पाणी, चिमूटभर पांढरी पावडर आणि थोडा तेलकट द्रव; उन्हात पावडर त्या द्रवाचं सुगंधी द्रव्य करायची. सर बूच काढून हुंगत राहायचे. कडू बदामाचा वास आला की बाटली झटकन सावलीत. "आता थांबवलं नाई तर वास मरते, नुसतं आम्ल उरते," म्हणायचे.

पावडर माझ्याच दुकानातली, पांढऱ्या रंगात घालतात ती. घासाघीस केल्याशिवाय मी लिंबूही घेत नाही. सर मात्र सांगेन तो भाव देत. मला चैन पडेना. "सर, एकदा तरी कमी करा म्हणा!"

"तुमचा जीव दुखते नं भाऊ, काऊन म्हणू?"

पावडर स्वतः खर्च होत नाही, हे त्यांनी मला समजावलं होतं. "हे मुकादमासारखी आहे. स्वतः कापूस वेचत नाई. ऊन पडलं की दुसऱ्याकडून काम करून घेते. पण कुठं थांबायचं ते तिले समजत नाई. ते आपल्याले पाहा लागते."

एका वर्षी गावातल्या कापसाच्या जिनिंगच्या साऱ्या शेडना बाहेरून पांढरा रंग देण्याचं काम माझ्याकडे येऊ घातलं. हमालीपासून वर आलेल्या माणसाला असं काम एकदाच मिळतं. रंग मी स्वतः घोटणार होतो, हीच स्वस्त पावडर तेलात घालून. जिनिंगचे मालक नमुना पाहायला आले; दुकानात चार गिऱ्हाइकं होती. पावडर घ्यायला आलेल्या सरांना मालकांनी सहज विचारलं, तर हा माणूस म्हणतो, "आतून लावायले उत्तम. बाहेर नको. उन्हात ही पावडर तेलच खाईन. दोन वर्षांत पत्र्याले हात लावा, हात पांढरा होईन."

मालक उठले, काम लांबणीवर पडलं. मी भडकलो. "सर, गिऱ्हाईक आहात, गिऱ्हाईकच राहा! उद्या खोली खाली करा!"

त्यांनी खोली सोडली नाही, मीही पुन्हा म्हटलं नाही. बोलणं मात्र तुटलं.

हट्टाने मी तोच रंग माझ्या दुकानाच्या पत्र्याला दिला. दुसऱ्या उन्हाळ्यात पत्र्याला टेकून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची पाठ पांढरीफटक झाली. मी बोट फिरवलं, खडूची भुकटी. जिनिंगच्या शेड डोळ्यांपुढे आल्या, आणि दारात उभे मालक. मी तिथेच ओट्यावर बसलो. सुटलो होतो.

मग स्वतःच मालकांकडे गेलो, झालेलं सांगितलं. "सर सांगतीन ते टाक," ते म्हणाले. बाहेरच्या रंगासाठी वेगळी पावडर येते, ती सरांनीच लिहून दिली. काम मला मिळालं. तो रंग टिकला.

तरी सल राहिलाच. चार लोकांत माझा पाणउतारा का केला? सरांना नागपूरला नोकरी लागली तेव्हा स्टेशनवर पोचवायला गेलो आणि गाडीच्या खिडकीशी विचारलंच. "आधी मला एकट्याला सांगता येत नव्हतं?"

"सांगतलं होतं नं, भाऊ. दोनदा. दोन्ही वेळा तुम्ही फोनवर व्यापाऱ्याशी भांडून राह्यले होते."

गाडी हलली. खिडकीचा गज धरून मी दोन पावलं चाललो. इतकी वर्षं जपलेला राग आता कुणावर काढावा, तेच सुचेना.