मामांनी त्याला गाव विचारलं...

निमगाव सावाला मामांकडे मासवडीचं जेवण होतं. उन्हाळ्यातला रविवार. मामा ओसरीवर बसले होते आणि मी मामीच्या हाताखाली... तेवढ्यात मामांच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला.

स्क्रीनवर खाकी वर्दीतला एक तरुण. मागे झेंडा, टेबलावर फायली. 'आपके आधार कार्ड पर ड्रग्ज का पार्सल पकडा गया है. आप डिजिटल अरेस्ट हो. कॅमेरे के सामने से हिलना नहीं.'

मला लगेच कळलं, हा खोटा पोलीस आहे, घाबरवून पैसे उकळणारा. मी मामांना खुणा करून करून थकले, कट करा म्हणून... पण मामा कसले ऐकतात! शेवटी मी माझ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. म्हटलं, स्टेटसला टाकू, चार लोक सावध होतील.

आता आमच्या मामांची एक खोड सांगायला हवी. फोन कर्जवाल्याचा असो, विमावाल्याचा असो, ते आधी गाव विचारतात. एकदा राँग नंबर लागलेल्या माणसाशी इतकं जमलं, की त्याच्या मुलीच्या लग्नाला अकोल्याला जाऊन आले... आहेर घेऊन!

इथेही तेच. समोरचा अटकेच्या धमक्या देतोय आणि मामा शांतपणे विचारतात, 'अटकंचं बघू साहेब, पन गाव कोनतं तुमचं?' तो खेकसला, 'चुप बैठो!' मामा म्हणाले, 'आमचं निमगाव सावा. जुन्नर तालुका. तुमचं?'

त्याचे डोळे क्षणभर बाजूला गेले... मग टेबलावर हात आपटून, बोट रोखून, त्याच चढ्या आवाजात तो मराठीत ओरडला, 'मामा, फोन ठिवू नका! मी लोणीचा हाय! आंबेगाव तालुका!'

लोणी... आमच्या शेजारच्या तालुक्यातलं लोणी!

चेहरा रागाने लाल, आवाज दमदाटीचा, आणि शब्द हे असे... 'मागं माणूस उभा हाय! त्याला मराठी येत न्हाई! तुमी घाबरल्यावानी करा! नोकरीच्या नादानं आलो, पासपोर्ट काढून घेतलाय! काम न्हाई झालं का करंट देत्यात! नदीच्या कडंला चार मजली बिल्डिंग हाय, निळं गेट! लोणीत शाळंच्या मागं घर हाय, आईला सांगा सुमेध जिता हाय!'

मामांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी येत होतं, नाटक करायची गरजच पडली नाही. मग कुणाचा तरी हात स्क्रीनवर आला आणि कॉल तुटला.

मासवडी तशीच राहिली. आम्ही गाडी काढली ती थेट लोणीला.

सुमेधची आई दारातच धान्य निवडत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सुमेधचा कॉलेजातला फोटो. तिच्या लेखी पोरगा परदेशात कॉम्प्युटरच्या नोकरीवर होता... अधूनमधून 'मजेत आहे' असा मेसेज यायचा. मामांनी जयभीम केला आणि मला पुढे केलं. मीच रेकॉर्डिंग दाखवलं.

तिने ते अख्खं पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, 'लई वाळलाय वं.'

दुसऱ्या दिवशी पुण्याला सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या मॅडमनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग त्यांनी समजावलं ते ऐकून मी सुन्नच झाले. पोरांना एका देशात उतरवायचं, रातोरात नदीपलीकडे दुसऱ्या देशात न्यायचं, मालक तिसऱ्याच देशाचे... आणि लुटायचं आपल्याच माणसांना. आपले पोलीस तिथे जाऊन दार तोडू शकत नाहीत. त्यासाठी इकडून दिल्ली, दिल्लीतून वकिलात, वकिलातीतून तिथले पोलीस, अशी साखळी लागते. यातला एक जरी म्हणाला, 'हे आमच्याकडे येत नाही,' तरी संपलं!

पुढचे महिने फार वाईट गेले. सुमेधची आई मामांना फोन करायची आणि काही न बोलता नुसती धरून बसायची. मामाही तसेच बसायचे... गप्प बसलेले मामा मी पहिल्यांदाच पाहिले.

आणि एके दिवशी मॅडमचा फोन आला. नदीच्या दोन्ही बाजूंच्या पोलिसांनी मिळून धाड घातली होती. त्या निळ्या गेटामागून कितीतरी देशांची पोरंपोरी बाहेर निघाली. त्यात आपला सुमेधही होता!

परवा तो आईला घेऊन मामांकडे आला. दिल्लीत आणि पुण्यात त्याची चौकशी झाली, अजूनही बोलावतात. तो म्हणतो, बोलवायलाच पाहिजे. त्याच्या तोंडून घाबरून लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालवली आहे... एक बाई त्याला 'बेटा' म्हणत होती, ती त्याच्या डोक्यातून जात नाही. त्याला दोष द्यावा की जवळ घ्यावं, मला खरंच कळत नाही. मामीने मात्र गुपचूप त्याच्या ताटात मासवडी वाढली.

मामा त्याला म्हणाले, 'आरं, दुसऱ्या कुनाला का न्हाई सांगितलंस?' त्याने हातातला घास ताटात ठेवला.

'मामा, लोकं रडली, पाया पडली, शिव्या दिल्या... गाव कुनीच न्हाई इचारलं.'

असा फोन तुम्हाला आला तर सरळ कट करा आणि पोलिसांना कळवा. मामांसारखं करू नका, हे मी हात जोडून सांगते. पण ज्यांची नावं मला कधी कळणार नाहीत, ज्यांची भाषाही मला येत नाही, त्या परक्या देशांतल्या पोलिसांचे आभार कुठे मानायचे, म्हणून इथे मानते... लोणीतली एक आई परवा पोराला समोर बसवून जेवली.