भवानीनगरची सोनाली आणि फॉर्मवरचा एक रकाना

"ताई, डेअरीच्या लॅबमध्ये मुलाखत हाय. पण घरचे म्हणत्यात, फॉर्मवर आजार लिहू नको." सोनालीचा फोन आला आणि मी बुधवारपासून तीन दिवस रजा टाकली.

सोनाली माझी वॉर्डातली मैत्रीण. सात वर्षांपूर्वी पुण्याच्या एका रुग्णालयात आमच्या खाटा शेजारी होत्या. मला रक्ताचा कॅन्सर, तिला गुडघ्याजवळच्या हाडाचा. ती तेव्हा पंधराची. दोघी वाचलो. मी पुण्यात राहिले, ती भवानीनगरला परतली आणि बारामतीला ये-जा करून बीएस्सी झाली.

तिकडं जायचं तर स्वारगेटहून सकाळची विनाथांबा एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट. बारामतीच्या स्टँडबाहेर मिसळ खाल्ली आणि इंदापूर रस्त्याला वडापच्या, म्हणजे माणसं भरभरून नेणाऱ्या खासगी जीपमध्ये कोंबून घेतलं. साखर कारखाना सुरू होता. उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत अर्ध्या तासाच्या वाटेला तास लागला, तेव्हा हंगामात जाणार असाल तर घाईचं काम ठेवू नका.

सोनालीच्या आईनं, काकूंनी, गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. आम्ही खाली बसलो, सोनाली खुर्चीत. गुडघ्यात धातूचा सांधा आहे, मांडी घालता येत नाही. गावाला सांगितलंय, पोरगी गाडीवरनं पडली. मागच्या वर्षी तपासणीच्याच दिवशी पाहुणे बघायला आले, म्हणून तपासणी राहिली ती राहिलीच.

"बरी झालीया न्हवं?" तिचे वडील, तात्या, मला म्हणाले. "मग कशाला उकरून काढायचं? लोक नावं ठेवत्यात."

"तात्या, दर वर्षी पुण्याला जायला सुट्टी लागंल," सोनाली म्हणाली. "दर वर्षी काय खोटं सांगू?"

तात्या जेवून उठले. आत जाऊन निजले. पण सकाळी आमच्याबरोबर निघायला आमच्याआधी तयार होऊन ओसरीत उभे होते.

बारामती एमआयडीसीत पहिल्या पाळीच्या मोटारसायकली आत शिरत होत्या. डेअरीच्या बाईंनी टेबलावर फॉर्म ठेवला. 'पूर्वीचा गंभीर आजार' या रकान्यापाशी सोनालीचं पेन थांबलं. मग तिनं सगळं लिहिलं. आजार, शस्त्रक्रिया, वर्ष.

बाईंनी वाचलं. "हे लिहिलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं."

"मला कळलं असतं, मॅडम. आठ तास उभी राहीन. खाली बसायला तेवढं जमत न्हाय. अन् वर्षातनं एक दिवस तपासणीला लागंल."

"डॉक्टरांचा दाखला आणा. मग बघू."

तात्या फाटकाबाहेर थांबले होते; त्यांना सगळं सांगताना मला वाटलं, आता चिडतील. ते स्टँडवर आले आणि आमच्याबरोबर पुण्याच्या गाडीत चढले. "दाखला पायजे न्हवं? मग चला."

शुक्रवारी रुग्णालयात सोनाली आत तपासणीला गेली. बाहेरच्या बाकावर सुप्याचे एक गृहस्थ बसले होते, कडेला डोक्याला रुमाल बांधलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी. ते दबक्या आवाजात तात्यांना म्हणाले, "गावात सांगितलं न्हाय अजून. लोकं काय म्हणत्याल."

तात्यांनी त्या मुलीकडं पाहिलं. दार उघडून सोनाली बाहेर आली, तसा त्यांनी तिचा हात धरला आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं बोलले, "ही माझी पोरगी. हिलाबी कॅन्सर झालता. बघा, चालतीया."

ती मुलगी टक लावून सोनालीच्या पायांकडं बघत राहिली.

तपासणीत काही निघालं नाही. दाखलाही मिळाला. डेअरीनं मात्र दुसऱ्याच कुणाला घेतलं, कारण न देता. त्या दिवशी फोनवर सोनाली रडली, मला सुचेल ते मी बोलत राहिले. चार दिवसांनी पुन्हा फोन. दुसऱ्या एका कंपनीत अर्ज दिला होता, तोही खरं लिहून.

त्या शुक्रवारी मी घरी परतले होते ती काकूंनी दिलेला पिशवीभर गूळ आणि एक निश्चय घेऊन: दर वर्षी सोनालीच्या तपासणीला सोबत जायचं. तुमच्या गावात लहानपणी उपचार झालेलं कुणी असेल तर त्याला एवढंच विचारा, "तपासणी कधी हाय? मी येऊ का संगं?" गाड्या भरपूर आहेत.