करवली मागं, नवरदेव पुढं

माझ्या लग्नाच्या व्हिडिओत मी नाही. अक्षता पडताना माझा डावा कोपर दिसतो आणि पंगतीत लाडू खाताना मी पाठमोरा सापडतो, एवढंच. बाकी सगळीकडे करवली म्हणून हातात करा घेऊन मागे उभी राहिलेली माझी धाकटी बहीण आहे, जरीच्या परकरात लखलखणारी. ही करामत लोहाऱ्याच्या शूटिंगमामांची. "मामा, नवरदेव कुठंय?" असं विचारलं तर शांतपणे म्हणाले, "करवली चमकत हुती, इंजनेर. तुमी कुठं चमकत हुता?"

तालुक्यातल्या निम्म्या वराती मामांनी उलटं चालत काढल्या. खांद्यावर कॅमेरा, तोंड वरातीकडे आणि पाय मागे मागे. अणदूरला एकदा ते असेच गटारात गेले. बाहेर काढल्यावर पहिलं वाक्य, "पडलो, पन फ्रेम हलली न्हाय." नवरदेवांना त्यांचा एकच उपदेश असे, "हलू नका, पन चालत ऱ्हावा." हे नेमकं कसं करायचं ते कुणालाच कळायचं नाही.

पुढे अवकाशातून परत येणाऱ्या यानांचं जमिनीवरून चित्रण करणाऱ्या तुकडीत मी होतो. एका चाचणीसाठी आम्ही माकणीच्या धरणापलीकडच्या माळावर तळ टाकला आणि जनरेटर मामांचा घेतला. जनरेटरबरोबर मामा आलेच. मोठ्या भिंगाचा आमचा कॅमेरा आपोआप फिरताना पाहून त्यांनी विचारलं, "ह्येला मानूस लागत न्हाय व्हय?"

"नाही मामा. आकाशात जे सगळ्यात जास्त चमकतं, त्याच्या मागे संगणकच त्याला फिरवतो."

मामांनी कॅमेऱ्याकडे मायेनं पाहिलं. "मंजी आमच्यातलाच हाय."

मी हसलो. तो फिरवणारा प्रोग्राम माझाच होता आणि जोडीला माणूस बसवायची गरज नाही, हे वरिष्ठांना मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. येणारी कुपी, म्हणजे यानाची कॅप्सूल, रिकामी होती, पण पुढच्या खेपेला तीत माणसं बसणार होती. हवेत शिरताना तिचं कवच नीट टिकतं की नाही, हे आमच्या चित्रणावरून ठरायचं होतं.

दिवस मावळून थोडाच वेळ झाला होता. पश्चिमेकडून दोन ठिपके आले. पुढे कुपी, मागे तिच्यापासून सुटलेला टाकाऊ भाग. कॅमेऱ्यानं कुपी बरोबर पकडली, आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागचा भाग फुटला आणि शोभेच्या दारूसारखा उजळला. कॅमेरा झटकन तिकडे वळला. पडदाभर ठिणग्या. आम्ही सगळे, मीसुद्धा, आ वासून बघत राहिलो.

"अवो इंजनेर, ती करवली हाय," मामा कानाशी म्हणाले. "नवरदेव पुढं गेला की."

मी पडदा धुंडाळला. कुपी पडद्यावर नव्हतीच.

"करवली कधी नवरदेवाच्या पुढं असती व्हय? पुढं बघा, पुढं."

मी संगणक बाजूला सारून कॅमेऱ्याचा दांडा हातात घेतला आणि कॅमेरा पुढे सरकवला. ठिणग्यांच्या बऱ्याच पुढे एक मंद केशरी ठिपका मुकाट्यानं चालला होता. ठिपका सारखा चौकटीच्या कडेला निसटत होता. मामांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला. "हलू नका, पन चालत ऱ्हावा." त्या दिवशी मला ते पहिल्यांदा कळलं. ठिपका पूर्वेच्या धुरकटात विरेपर्यंत आम्ही दोघांनी तो सोडला नाही. कवच टिकलं होतं.

"लग्नात हुकलेला नवरदेव आज घावला बगा," असं म्हणून मामा जनरेटर बंद करायला गेले.

यंदा ऐन लग्नसराईत मामा वारले. घरात, खुर्चीत, खांद्यावर कॅमेरा नसताना. त्यांना हे अजिबात पटलं नसतं. आमच्या प्रोग्राममध्ये आता पुढच्या ठिपक्याला धरून राहायचा नियम आहे. कागदोपत्री त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे, तुकडीत सगळे त्याला 'करवली' म्हणतात.

मामांची फार आठवण येते. परवा लग्नाचा व्हिडिओ पुन्हा लावला, या खेपेला आवाज मोठा करून. मंगलाष्टकं चालू आहेत, बहीण चमकते आहे आणि कॅमेऱ्यामागून मामांचा आवाज येतो, "नवरदेव, हलू नका. आलोच तुमच्याकडं."

पडद्याच्या कडेला माझा कोपर तसाच थांबलेला आहे.