हाताला काठ लागेपर्यंत

चटणीकाकूंना मीठ न वाढलेलं ताट समोर आलं की दारातून हाकलून दिल्यासारखं वाटायचं. "भाजी एक वेळ कमी असू दे, पण डावी बाजू रिकामी ठेवून मी कुणाला जेवायला बसवणार नाही," असं त्या म्हणायच्या. मानपाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं दार माझ्या दारासमोर. जवसाची, कारळ्याची, दोडक्याच्या शिरांची, कशाकशाची चटणी करायच्या आणि वाटी घेऊन दारात उभ्या. त्यांचं खरं नाव फक्त लाइटबिलावर असायचं.

वाढायची पद्धत ठरलेली. ताटात वर मधोमध आधी मीठ. मिठावरून डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पार काठापर्यंत. मग उजवीकडे भाजी, आमटी. मी लग्न होऊन नवीन आले होते, तेव्हा त्यांच्या घरी वाढताना आधी भाजी वाढली, तर सगळ्यांदेखत माझ्या हातातला चमचा काढून घेतला. "सुमन, मिठापासून सुरू कर. सुरुवात पक्की असली की माणूस चुकला तरी परत येतो." मला काय राग आला होता म्हणून सांगू. आठवडाभर त्यांची चटणी खाल्ली नाही, पण नवऱ्याने दोघांची संपवली, तेव्हा माझंच नुकसान झालं.

अशा बाईला स्ट्रोक आला, तोही मेंदूच्या उजव्या बाजूला. हातापायांत जोर बऱ्यापैकी परतला, बोलणं स्वच्छ राहिलं, पण डावीकडचं जगच गेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, मेंदू तिकडे लक्षच देत नाही. केस विंचरायच्या ते उजवीकडचेच. दाराच्या डाव्या चौकटीवर रोज खांदा आपटायचा. आणि वर आम्हालाच विचारायच्या, "मला काय धाड भरलीय?"

मुलगा मिलिंद त्यांना बाळकुमला स्वतःच्या फ्लॅटवर घेऊन गेला. पहिल्या रविवारी भेटायला गेले, तर त्यांची सून वैशाली स्वयंपाकघरात डोळे पुसत उभी. काकू बाहेर जेवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बघ गं सुमन, सासू आजारी पडली की सून चटणीसुद्धा वाढत नाही." ताटात सगळं होतं. ओल्या नारळाची चटणी, काकडीची कोशिंबीर, लिंबाची फोड. बिचारीने सासूच्याच पद्धतीने वाढलेलं. काकूंनी उजवीकडचं तेवढं चाटूनपुसून खाल्लं होतं. मी ताट अर्धं फिरवलं. त्या चटणीकडे बघतच राहिल्या. "ही आत्ता कुठून आली?"

थोड्या वेळाने त्यांनी वैशालीला हाक मारली आणि तिचा हात धरून बसून राहिल्या. आपल्याला काहीतरी झालंय हे त्यांना त्या दिवशी पटलं.

मग जो तो त्यांचं ताट फिरवायला लागला. काकूंना ते सहन होईना. एक दिवस वैशालीचा हात धरून म्हणाल्या, "ताट फिरवायचं नाही. मान मी फिरवीन."

त्यांना मानपाड्याला, आपल्या घरी, आपल्या ओट्यापाशी परत जायचं होतं. एवढाच ध्यास. पण बाळकुमला त्यांनी डाव्या शेगडीवर दूध ठेवलं, आणि समोर उभ्या असतानाच ते उतू जाऊन आटलं, पातेलं काळं पडलं, तरी त्यांना पत्ता नाही. मिलिंद घाबरला. मानपाड्याच्या गॅसचा रेग्युलेटर काढून आणला आणि कपाटात ठेवला. "आई, तुला डावीकडचं कळायला लागलं की हा तुझा. तोवर नाही." काकूंनी वाद घातला नाही. "कपाटात नीट ठेव. हरवू नकोस," म्हणाल्या.

अश्विनी नावाची थेरपिस्ट घरी यायची. टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावून "आजी, लाल दिसेपर्यंत वळा" म्हणायची, कागदावरच्या चांदण्या शोधून खोडायला लावायची. काकू कंटाळल्या. "चांदण्या खोडून कुणाचं पोट भरलंय? ताट आण गं." ताट आलं. मिठावर उजव्या हाताचं बोट ठेवून त्या डावीकडे सरकू लागल्या. पोरगी हुशार. तिने त्यांचा डावा हात आधीच ताटाच्या डाव्या काठावर ठेवला, म्हणजे बोटाला जायचं ठिकाण राहील. "आजी, काठ लागला?" "लागला." तेव्हापासून पेपर वाचताना, कंगवा फिरवताना, दारातून जाताना आधी डावा हात काठावर. काही दिवस सगळं पाण्यात गेल्यासारखं व्हायचं. काकू चिडायच्या, रडायच्या, आणि पुन्हा मिठावर बोट ठेवायच्या.

शेवटी त्यांनीच सांगितलं, "मी स्वयंपाक करून वाढते. तुम्ही सगळे जेवा आणि मग ठरवा." पंगत म्हणजे एका रांगेत, म्हणून डायनिंग टेबलाच्या एकाच बाजूला आम्ही चौघं बसलो: मिलिंद, वैशाली, अश्विनी आणि मी. काकू टेबलापलीकडून वाढत होत्या. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. चारही ताटांची डावी बाजू देखणी सजली. वैशालीने मला कोपराने ढोसलं. वरणभात आला, वर तूप आलं. "करा सुरू," काकू म्हणाल्या.

उजवीकडे भाजी नव्हती. कुणाच्याच ताटात. आमची उजवी बाजू ती समोर उभ्या असलेल्या काकूंची डावी, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मिलिंदने तोंड उघडलं, अश्विनीने त्याला डोळ्यांनीच दटावलं. माझा घास हातातच राहिला.

काकू वळल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. परत आल्या. पहिल्या ताटाच्या काठावर डावा हात ठेवला, मिठावर बोट टेकवून ते हाताच्या दिशेने सरकवत आणलं. वाटेत काहीच लागलं नाही. "अगं बाई, इथे भाजी कुठेय?" मग भाजीचं पातेलं घेऊन, प्रत्येक काठावर हात ठेवत, चारही ताटांत भाजी वाढली.

"आई, चुकलंच ना पण," मिलिंद हळूच म्हणाला.

"चुकलं. आणि तुम्ही कुणी सांगायच्या आत मला सापडलं. एकटीने राहायला आणखी काय लागतं, तूच सांग."

मिलिंद जेवला, हात धुतले, आणि कपाटातून रेग्युलेटर काढून त्यांच्या हातात दिला. मी तर रडलेच.

त्यानंतर काकू माझ्या दारासमोरच्या घरात राहिल्या ते शेवटपर्यंत. डावा हात ओट्याच्या कडेवर ठेवून चटण्या केल्या. एकदा पातेलं जळलं, तर स्वतःच मिलिंदला फोन करून कळवलं. गेल्या वर्षी झोपेतच गेल्या.

तेराव्याला वैशालीने फोटोपुढे ताट ठेवलं. मिठापासून सुरू करून डावी बाजू पार काठापर्यंत वाढली होती, तीन चटण्या होत्या. ठेवल्यावर तिचा हात सवयीने ताट फिरवायला लागला, आणि मधेच थांबला. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "नको. ओरडतील." आणि तिने ताट सरळ केलं.